अठ्ठावीस व्होल्ट आणि आण्णांचा पंखा

वेल्डिंग बरं चाललंय की नाही, हे आमच्या कडा गावाच्या रस्त्यावर लोक कानानं ठरवतात. तडतड आवाज आला, ठिणग्या रस्त्यापर्यंत उडाल्या, की गिऱ्हाईक खूश. त्याला वाटतं, आता माझी ट्रॉली जन्मभर तुटायची नाही. जोड आतून धरलाय की नुसतं वर लोखंड थापलंय, हे कुणी वाकून बघत नाही. आवाज मोठा तो माणूस मोठा, हा आमच्याकडचा जुना हिशोब आहे आणि वेल्डिंगलाही तोच लागू होतो.

आमचं दुकान ऊस वाहायच्या ट्रॉल्यांचं. साखर कारखान्याचं गाळप सुरू व्हायच्या आत सगळ्यांना ट्रॉली दारात हवी असते, म्हणून कामाची गर्दी नेमकी उन्हाळ्यात, पत्रे तापून हात लावू देत नाहीत तेव्हा. दुकान वडिलांनी सुरू केलं. त्यांनी वेल्डिंग शिकवलं मला आणि दुकान दिलं धाकट्या भावाला. यात त्यांना काही चुकल्यासारखं शेवटपर्यंत वाटलं नाही. मला मात्र ते आजही वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

मी अंबाजोगाईला आयटीआय केलं आणि मग रांजणगावच्या एका कारखान्यात लागले. तिथे जाड प्लेटांचे सांगाडे जोडायचं काम असे. तिथेच मी पहिल्यांदा ते वेल्डिंग पाहिलं, ज्याला स्प्रे म्हणतात. आपल्या नेहमीच्या पद्धतीत तारेच्या टोकाला लोखंडाचा थेंब फुगतो, प्लेटीला टेकतो, फुटतो आणि छर्रे उडवतो. स्प्रेमध्ये थेंब असे जाडेभरडे पडतच नाहीत. तार टोकाला अणकुचीदार होते आणि लोखंड अगदी बारीक तुषारांनी सरळ जोडात जातं. तडतड नाही, छर्रे नाहीत. कुकरची शिट्टी होण्याआधी जो बारीक, एकसारखा फुसकारा चालतो, तेवढाच आवाज. शिवण अशी उतरते की नंतर घासावी लागत नाही. मला ते काम फार आवडलं. पुढे लग्न झालं, कारखाना सुटला, मग लग्नही सुटलं. त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही. मी माहेरी परत आले आणि भावाच्या दुकानात उभी राहिले.

माहेरी परत आलेल्या बाईला काम भरपूर मिळतं, जागा मिळत नाही. मी ग्राइंडर चालवला, पट्ट्या कापल्या, रंग मारला. भाऊ वाईट नाही. आक्का, आक्का करत असतो. पण गिऱ्हाईक आलं की वेल्डिंगची गन त्याच्या हातात आणि चहाचा ट्रे माझ्या हातात, हे न बोलता ठरलेलं होतं.

मग आण्णांचं काम आलं. आण्णा म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. जमीन आहे, ट्रॅक्टर आहेत, निवडणुकीत कोण पडणार ते त्यांच्या ओट्यावर ठरतं. त्यांना एकदम बऱ्याच ट्रॉल्या हव्या होत्या आणि त्या कंपनीतून आल्यासारख्या दिसायला हव्या होत्या. भावाला घाम फुटला. मी म्हटलं, मशीन मोठी घे, गॅस बदल, कंपनीसारखी शिवण मी काढून देते.

"गॅस त्यो गॅस. त्यात काय बदलायचं?" भाऊ म्हणाला.

मी त्याला समजावलं. आपण वापरतो तो नुसता कार्बन डायऑक्साइड. त्याच्यात मशीन कितीही वाढव, थेंब जाडच पडणार आणि छर्रे उडणारच. स्प्रे हवा असेल तर गॅसमध्ये बहुतेक सगळा आरगॉन पाहिजे आणि कार्बन डायऑक्साइड थोडासा, पाचव्या हिश्श्याच्याही आत. आरगॉन फार कमी पडला की सगळं मुसळ केरात. नगरच्या गॅसवाल्या दुकानदारानं फोनवर त्याला सांगितलं होतं की साध्या गॅसवर पण होतं हो. मी म्हटलं, त्याला म्हणावं करून दाखव. शेवटी नगरहून मिक्स गॅसचं सिलिंडर आलं, नवी मशीन आली आणि भाऊ स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "आण्णाच्या ट्रॉल्या नीट निघाल्या, तर मागलं शेड आन ही मशीन तुझी. गिऱ्हाईक बी तूच बघायचं. मी मधी पडणार न्हाई."

हे वाक्य मी किती जपलं, ते माझं मला माहीत. वडिलांनी जे दिलं नाही ते भाऊ देत होता.

मी जाड प्लेटीचे तुकडे घेऊन मशीन बसवायला लागले. बारा मिलीची प्लेट, सव्वा मिलीच्या आतली तार. बावीस व्होल्टवर नेहमीची तडतड. तारेचा वेग वाढवला, व्होल्ट पंचविसावर नेले, तर तडतड कमी झाली, पण थेंब गोळ्यांसारखे कसेही पडायला लागले. लोक इथेच घाबरतात आणि मागे फिरतात. खरं म्हणजे इथून अजून वर जायचं असतं. सत्तावीस. अठ्ठावीस. करंट अडीचशेच्या पुढे गेला आणि अचानक आवाज बदलला. तोच फुसकारा. रांजणगाव सोडल्यापासून तो मी ऐकला नव्हता. मास्कच्या आत मी रडले, आणि मास्क असल्याचं मला बरं वाटलं.

बटणावर त्या जागी मी लाल नेलपॉलिशची खूण केली. लग्नातल्या पेटीतली ती बाटली दुसऱ्या कशाला उपयोगी पडणार नव्हती. उघड्या बाजूनं वारं येतं म्हणून शेडला जुनी ताडपत्री बांधली, कारण या वेल्डिंगचा सगळा जीव त्या गॅसच्या पडद्यात असतो. वाऱ्यानं तो हलला की बाहेरची हवा आत शिरते आणि शिवणीला भोकं पडतात. सिलिंडरवरचा काटा पंधरा-सोळा लिटरवर ठेवला. पहिल्या ट्रॉलीचा सांगाडा मी असा जोडला की भाऊ त्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिला. जो दांडा ट्रॅक्टरला जोडतात तेवढा राहिला होता. आण्णांना तो समोर बसून बघायचा होता.

आण्णा आले भर दुपारी, दोन माणसं घेऊन. पाहुणा आला की आमच्याकडे आधी खुर्ची, मग पाणी आणि त्याच्या तोंडावर पंखा. भावानं खुर्ची मांडली ती नेमकी माझ्या कामाजवळ आणि दुकानातला तो मोठा उभा पंखा पूर्ण जोरात त्यांच्या दिशेनं लावला. मधे माझा दांडा होता. ताडपत्री बांधून मी बाहेरचं वारं अडवलं आणि घरचंच वारं माझ्या पाठीमागून आलं.

मी मास्क वर केला. "पंखा बंद करा. गॅस उडतो."

"आण्णा घामाघूम झालेत, दिसत न्हाई का?" भाऊ म्हणाला.

मी उठले आणि स्विच बंद केला. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भावाकडे पाहिलं. भाऊ पुढे आला, माझ्याकडे न बघता त्यानं स्विच चालू केला आणि हळूच म्हणाला, "आक्का, काम कर. तमाशा नगं."

मी पंख्याकडे पाठ करून, स्वतःच्या अंगाचा आडोसा धरून वेल्डिंग करायला बसले. दोन बोटं शिवण नीट आली असेल. मग आवाज फाटला. मास्क काढून पाहिलं तर अनारशाला पडते तशी जाळी. भावानं गॅसचा काटा जोरात वर केला, जणू कमी गॅसचीच अडचण होती. गॅस असा रेटला की तो स्वतःच गरगरतो आणि हवा आत ओढतो. जाळी वाढली. मी ते सांगितलं. पंख्याचंही पुन्हा सांगितलं.

आण्णा खुर्चीतच पुढे झुकले, शिवण बघितली आणि म्हणाले, "कामून बाई, आवाज तर कायच येईना. ठिणगी बी न्हाई. चिकटतंय का नुसतं?" मग हसून बरोबरच्या माणसांना म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

सगळे हसले. भाऊही हसला. तो सगळ्यांत शेवटी हसला आणि सगळ्यांत थोडं हसला, हे मी पाहिलं. पण हसला.

जाताना आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लोखंडाचं काम हाय, बाबा. पापड लाटायचं न्हाई. नगरहून एखादा माणूस आण. ट्रॉल्या तुझ्याकडंच राहतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती भोकांची शिवण घासून काढली आणि पंखा बंद ठेवून पुन्हा ओढली. तशाच एका तुकड्याचा जोड ऐरणीवर ठेवून घणानं वाकवला. प्लेट वाकली, जोड फुटला नाही. तो तुकडा भावाच्या टेबलावर आपटला.

"मला म्हाईत हाय गं," तो म्हणाला. "कालच कळलं हुतं मला. पन आण्णाला तोंडावर कोण सांगणार, की तुमच्यामुळं बिघडलं म्हणून?"

त्याला कळलं नसतं तर मी त्याला माफ केलं असतं. अडाणीपणाचा राग फार दिवस टिकत नाही. पण त्याला माहीत होतं, आणि माहीत असून त्यानं आण्णांचा घाम वाचवला. शेडचं पुन्हा नाव निघालं नाही. मीही काढलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी ऐकून होते. आता ते माझ्याच घरात राहायला आलं होतं.

नगरहून कारागीर आला. चाळिशीचा, शांत, हात चांगला असलेला माणूस. मला त्याचा राग करायचा होता, पण त्यानं तशी संधी दिली नाही. आल्या आल्या मशीनवरची लाल खूण बघितली, तुकड्यावर एकदा ओढून पाहिलं आणि म्हणाला, "सेटिंग एकदम बरोबर हाय. कुणी केलंय?"

"मी," मी म्हटलं.

"मग हात कामून लावायचा?" असं म्हणून त्यानं बटण तसंच ठेवलं. तेवढं एक वाक्य त्या पूर्ण उन्हाळ्यात मला मिळालं.

पुढच्या ट्रॉलीचा दांडा बघायला आण्णा पुन्हा आले. तीच खुर्ची, तीच जागा, पंखा पूर्ण जोरात. मी ग्राइंडर घेऊन बाजूला उभी होते, कारण कारागिराची शिवण झाली की ती साफ करणं हे आता माझं काम होतं. त्यानं गन हातात घेतली, वारं अंगावर आल्याबरोबर मास्क वर केला आणि मान न वळवता म्हणाला, "पंखा बंद करा. गॅस उडतो."

माझेच शब्द. एक कमी नाही, एक जास्त नाही.

भाऊ इतक्या लगबगीनं स्विचकडे गेला की त्याचा पाय वायरीत अडकला. आण्णांनी स्वतः हात वर केला. "बंद कर, बंद कर. कारागिराचं ऐकावं, बाबा. त्याला कळतं."

पंखा थांबला. पात्यांची घरघर मंद होत गेली आणि मग सगळ्या दुकानात फक्त तो फुसकारा राहिला. कुणी म्हणालं नाही की आवाज का येत नाही. ठिणगी कुणाला आठवली नाही. आण्णांच्या कानशिलावरून घाम कॉलरमध्ये उतरत होता आणि ते शहाण्यासारखे गप्प बसले होते. मी भावाकडे पाहिलं. तो जमिनीवर पडलेल्या वायरी गुंडाळत होता, आणि त्या कधीच संपू नयेत अशा गुंडाळत होता.

शिवण पूर्ण झाली. कारागीर बाजूला झाला. "आक्का, तेवढं घासून घे," भाऊ खाली बघूनच म्हणाला.

मी ग्राइंडर घेऊन दांड्यावर वाकले. माझ्या अठ्ठावीस व्होल्टची, माझ्या गॅसची शिवण होती. एक छर्रा नव्हता, एक भोक नव्हतं. मी ग्राइंडर चालू केला, थोडा वेळ तसाच हवेत धरला आणि बंद केला. घासायला तिथं काहीच नव्हतं.