मीटर बरोबर केलं, म्हातारे बिघडले

म्हाताऱ्यांचे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. घरापुढे पाना हातात घेऊन बसा, ते आपोआप येतात! माझ्याकडे तर मोटरसायकलवर बसून आले, तेही बाबांनी पाठवले म्हणून.

झालं असं. इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. अमरावतीत वलगाव रोडला आमचं घर, घरापुढे टिनाचं शेड. मला तिथे गॅरेज टाकायचं होतं. बाबा विज्ञानाचे रिटायर्ड मास्तर. त्यांना ते शेड एका ट्यूशनवाल्या सरांना द्यायचं होतं. पोरगा शिकला नाही, निदान शेडात तरी कोणी शिकेल! भांडण वाढलं तेव्हा त्यांनी अट घातली, "माह्या तीन दोस्ताइच्या जुन्या गाड्या हायेत. तिघाइचेही मीटर बिघडेल हायेत. तिघंही खुश झाले त शेड तुह्यं. नाई त सराइचं."

मला वाटलं, स्पीडोमीटर म्हणजे डाव्या हातचा मळ. मीटर होतेही सोपे. म्हातारे नव्हते.

*

पहिले आले वानखडे काका. गाडी चौकात असली की मीटरची किर्रकिर्र आमच्या स्वयंपाकघरात! केबल कोरडी पडली की असं होतं. पण मीटरच्या काचेत पाहिलं तर आत तेल, आणि तेलात काटा पोहतोय.

"काका, हे काय?"

"आवाज करे म्हणून खोबऱ्याचं टाकलं. थांबला नाई, मंग मोहरीचं टाकलं."

"मीठ-मिरची राहिली. गाडी हाय का लोणचं?"

केबल ओढून काढली, रॉकेलनं धुतली, हलकं ग्रीस लावलं. आवाज गायब. मला वाटलं, एक म्हातारा खुश!

*

दोन दिवसांनी काकांची सून आणि मुलगा जोडीनं हजर. सून हात जोडून म्हणाली, "भाऊ, तो आवाज परत लावून द्या ना!"

आवाज वळणावर ऐकू आला की घरात टीव्ही बंद व्हायचा, सिगारेट विझायची, नातू पुस्तक उघडायचा. आता काका मांजरासारखे येतात, आणि सगळे रंगेहाथ सापडतात.

त्यांच्या मागोमाग काकाच आले, तणतणत. "माह्या घरची शिस्त अशी होती की पाहून घे! तुह्या हाताले गाडी काय लागली, सारं घर बिघडलं!"

आयुष्यभर माणसाला वाटलं, घर आपल्या धाकात आहे. घर केबलच्या धाकात होतं!

*

दुसरे राऊत काका. वरूडला संत्र्याचा बगीचा, आणि तोंडात कायम एकच वाक्य, "आपन ऐंशीच्या खाली चालवतच नाई!" त्यांच्या पुढच्या चाकात कोणीतरी दुसऱ्याच गाडीची, मीटर फिरवणारी दातेरी गरारी बसवली होती. गाडी पन्नासनं पळे, काटा ऐंशी दाखवे. मी बरोबर गरारी टाकली.

वरूडला जाऊन आले ते लाल होऊन. "पोट्ट्या, तू माह्या गाडीचा स्पीड काढून घेतला!"

"काका, गाडी पयलेही पन्नासनंच पये."

"म्हंजे मी इतके वर्सं खोटं बोलून राहिलो?"

"हो."

आत बाबांना जोराचा ठसका लागला.

*

तिसरे अकोल्याचे इंगळे काका. त्यांचा काटा वीस ते साठ नुसता नाचे.

"मंग स्पीड कसा समजते तुमाले?"

"सोपं हाय. मधला धराचा!"

मी केबल बदलली आणि तिचं चाकाकडचं टोक ड्रिलनं फिरवून दाखवलं. काटा चाळीसवर गप्प उभा राहिला. काकांनी काचेवर टिचकी मारली, कान लावला आणि हळू आवाजात विचारलं, "हा मेला काय बे?"

"नाई काका, बरा झाला."

"थरथरे तवा वाटे, गाडीत जीव हाय," म्हणाले, आणि चहा न घेताच अकोल्याला निघून गेले. आमच्याकडचा चहा सोडून जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

*

तर निकाल असा: तीन मीटर बरोबर, तीन म्हातारे नाराज. ट्यूशनवाले सर टेप घेऊन आले आणि शेडात बेंच कसे बसतील ते मोजायला लागले. राऊत काका अजून ओसरीवर बसून बाबांना माझी गाऱ्हाणी सांगत होते.

माझं डोकं सटकलं. "काका, खरं तुमाले नाई पाहिजे. मंग पाहिजे तरी काय?"

काका लाजले नाहीत. "मले ऐंशी पाहिजे."

मी काच उघडली, काटा उपटला आणि तीस पुढे सरकवून दाबून टाकला. काका एक चक्कर मारून आले. नव्या नवरदेवासारखं तोंड! "गुर्जी, पोरगं हुशार हाय तुमचं!"

बाबा उठले. ज्या माणसानं जन्मभर पोरांना 'वेग म्हणजे अंतर भागिले वेळ' शिकवलं, त्यानं आपली गाडी ढकलत माझ्यापुढे आणली. "एवढा नको. वीस बस."

काटा लावला. गाडी स्टँडवर, इंजिन बंद. टेप गुंडाळत सर बाहेर आले आणि वाकून पाहायला लागले. "गुरुजी, गाडी तर उभी आहे. काटा वीसवर कसा?"

बाबांनी काच रुमालानं पुसली. एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"जागाच उताराची हाय, सर. बेंच घसरतीन तुमचे. दुसरीकडं पाहा."