यमुनाबाईंनी न विचारलेलं नाव

यमुनाबाई तोंडावर कधी पदर घेत नसत. वरचे पुढचे चार दात नव्हते, आणि ते नाहीत हे समोरच्याला आधी दिसावं असाच त्यांचा हट्ट असे. गंगाखेडच्या दवाखान्यात त्या आया होत्या. भावानं मला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मी सोळा वर्षांची होते आणि कुत्र्यासारखी भुंकत होते.

सोनपेठकडच्या आमच्या गावात याला भानामती म्हणत. ती कुणीतरी केलेली असते, म्हणून करणाऱ्याचं नाव हवं. ते बाधलेल्या बाईच्याच तोंडून यायला हवं. त्यासाठी तिला मिरच्यांची धुरी द्यायची, थोबाडायचं आणि विचारायचं, "नाव सांग." नाव आलं की त्या माणसाचे दात पाडायचे, म्हणजे त्याला मंत्र म्हणता येत नाही. चांगली शहाणीसुरती माणसं हे करत. माझ्या सासऱ्यांना कोंडाबाईचं नाव हवं होतं. ही धनगराची विधवा शेळ्या राखून एकटी राहायची. एकदा चारचौघांत त्यांना उलट बोलली होती, एवढाच तिचा गुन्हा.

यमुनाबाईंचे दात असेच गेले होते. एका पोरीनं धुरीत त्यांचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाली, मला काहीच आठवत नाही. नवऱ्यानं टाकल्यावर बाई हैदराबादला एका दवाखान्यात झाडलोट करू लागल्या. तिथले म्हातारे डॉक्टर नुसत्या बोलण्यानं रोग्याला गुंगी आणून टाके घालत. ते याला संमोहन म्हणत. बाई म्हणत, निजवणं. त्यांनी ते पाहून पाहून उचललं. पण भुंकणाऱ्या, घुमणाऱ्या बायकांना असं निजवून बरं करायचं, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. आमच्या भागात तसं करणारं दुसरं कुणी नव्हतं.

"नाव नगं मला," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "कुठं दुखायलंय ते सांग."

गळा दुखत होता. माझी महिन्याची लेक गेली तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मला शेतात धाडलं. रडू आलं की म्हणत, पोरगीच तर होती. हे सगळं मी त्या गुंगीत बोलले आणि पोटभर रडले. उठवण्याआधी बाई दर वेळी बजावत, "जे बोललीस ते समदं तुला आठवंल. तुज्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं कुनी घालायचं न्हाई."

तिसऱ्या खेपेला सासरे आले. "बाई, निजंत माणूस खरं बोलतंय म्हणं. तेवढं नाव इचारा."

"निजंत माणूस तुमी बोलायला लावताल ते बोलतंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांना बाहेर काढलं.

माझं भुंकणं थांबलं आणि मी सासरी परतले. आठवड्याच्या आत सासऱ्यांनी चावडीवर सांगितलं, की गंगाखेडला निजेत सुनेनं कोंडाबाईचं नाव घेतलं. निजलेल्या बाईला काय आठवणार, असं त्यांनी धरलं होतं. मला तिथं नेऊन उभं केलं तेव्हा कोंडाबाईला दोघांनी दाबून धरलं होतं. एकाच्या हातात दगड होता. मी फक्त मान हलवायची होती. ज्या माणसांनी माझ्या लेकीसाठी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, ती सगळी न्याय करायला जमली होती.

"मला समदं आठवायलंय," मी म्हणाले. "मी कुनाचंच नाव घेतलं न्हाई. लेकीसाठी रडू दिलं न्हाई, हे बोलले मी."

सासऱ्यांनी माझ्या तोंडावर मारलं. पण माझ्या तोंडून नाव आल्याशिवाय दगड उचलता येत नव्हता. त्यांचाच रिवाज त्यांना आडवा आला. कोंडाबाईला सोडलं. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही.

सुजलेलं तोंड घेऊन मी गंगाखेडला आले, ती कायमचीच. बाईंनी माझ्या ओठाकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कोंडाबाईचे दात?"

"हायेत."

तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला. तेवढ्या एकाच वेळी.

पुढे बाई वारल्या, तेव्हा माझ्या सासरच्या गावचीच माणसं दारात येऊन म्हणाली, बाईंना करणी उतरवायची विद्या होती. मी त्यांना आत घेतलं नाही. वर्षं लोटली, पण त्या माणसांवरचा माझा राग उतरलेला नाही. एकदा मी बाईंना म्हटलं होतं, मला निजवून हा राग तेवढा काढून टाका.

"त्यो दुखणं न्हाई, माय," त्या म्हणाल्या होत्या. "त्यो ऱ्हाऊ दे."