ही वाईन माझ्या रश्शाची

पत्नी गेली त्याच्या आधीच्या श्रावणात आमची मुलगी फ्रान्सहून घरी आली होती. ती तिथे अल्सास प्रांतात नोकरी करते. तिथली गेवुर्त्सत्रामिनर नावाची पांढरी वाईन तिने आईसाठी आणली. ते नाव उच्चारायचा प्रयत्न पत्नीने एकदाच केला. मग ती तिला 'गुलाबवाली' म्हणू लागली, कारण पेला नाकाशी नेला की आधी गुलाबाचा वास येई आणि मागून लिचीचा.

श्रावणात आमच्याकडे मटण शिजत नाही. म्हणून मायलेकींनी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या. पत्नीने वडीचा तुकडा खाल्ला, एक घोट घेतला आणि निकाल दिला, "वडीसंग बरी हाय. पण ही वाईन माझ्या रश्शाची हाय. पुढच्या खेपेले श्रावण सोडून ये, मंग पाहू."

मुलीची पुढची खेप आईच्या वर्षश्राद्धाला झाली.

पत्नीचं माहेर महाल या जुन्या वस्तीतलं, विणकरांचं. माग थांबले, पण त्यांचा झणझणीत सावजी मसाला थांबला नाही. त्या घरची रीत अशी की वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मटण करून दुखवटा संपवायचा आणि पहिलं ताट गेलेल्या माणसाच्या नावाने वाढायचं. आमच्या धरमपेठेतल्या घरातही तसंच करायचं ठरलं. मुलीने तीच वाईन आणली होती. आईचा निकाल खरा ठरतो का, हे तिला पाहायचं होतं. मला तो खरा ठरायला हवा होता.

अल्सासमध्ये ही वाईन जिरं भुरभुरलेल्या उग्र वासाच्या चीजबरोबर घेतात, हे मुलीने सांगितलं. मी पुस्तकं चाळली. मसालेदार जेवणाला ती चालते असं त्यांत होतं, मात्र फार तिखटाबरोबर घेतली तर घसा जळतो, असंही होतं. मुलीलाही ते ठाऊक होतं. तिने मिरची निम्म्यावर आणली.

ताट वाढण्याआधी तिच्या मामाने रस्सा चाखला. तो वाटीत पाहत राहिला.

"काहून वं, हे कोणासाठी रांधलं?"

"आईसाठी, मामा."

"तुह्या मायनं असा रस्सा आजाऱ्यालेही वाढला नसता."

"तिखटानं वाईन बिघडते ना."

"बिघडली तं बिघडली. तिनं का म्हटलं होतं? माझ्या रश्शाची, म्हटलं होतं ना?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. शब्द तेच होते.

ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली. उरलेली मिरची भिजवून वाटली, तेलात काळपट होईपर्यंत परतली, खसखस-खोबऱ्याचं वाटण वाढवलं, दाटपणासाठी भाजलेलं ज्वारीचं पीठ लावलं. रश्शावर तेलाची लाल तर्री आली तेव्हा बैठकीत आम्हाला ठसका लागला. मामा खूष झाला. "आता आली माही बहीण घरात," तो म्हणाला.

पत्नीचं ताट वाढलं. शेजारी तिच्या स्टीलच्या पेल्यात थोडी वाईन ओतली. मग आम्ही बसलो.

पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. त्यावर वाईनचा थंड घोट घेतला. क्षणभर घसा जळला, पुस्तकांनी सांगितलं होतं तसाच. मग वाईनमधली जराशी गोडी तिखटावर पसरली, लवंग-मिरी निराळी कळू लागली आणि शेवटी तो गुलाब परत आला. वडीबरोबर तो असा परतला नव्हता.

"शरबत व्हय हे," एरवी व्हिस्की घेणारा मामा म्हणाला आणि पेला पुढे केला. "ओत गा जावई, शरबतानं का होते!"

मुलगी भाकरी मोडता मोडता थांबली होती. "बाबा, तिनं तर दोन्ही एकत्र चाखलंही नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो.

मुलगी निघाली तेव्हा तिच्या सामानात सावजी मसाला होता. तिथल्या मित्रमंडळींना जेवायला बोलावणार होती. मी विचारलं, "मिरची किती?"

"आईइतकी," ती म्हणाली. "वाईन त्यांनी आणावी."