पाच देश आणि रावेरच्या केळीची पूड

निवृत्त होताना मी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, डेडस्टॉक रजिस्टर दिलं, शिक्के दिले आणि प्रत्येकाची पोच घेतली. किस्से मात्र कोणी मागितले नाहीत. किश्शांना आवक क्रमांक नसतो, त्यामुळे ते फायलीच्या कडेकडेनं साचत राहतात. जळगावच्या आमच्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये मी क्लार्क होतो. तिथं तर ते पोत्यानं साचले.

आधी प्रकरण सांगतो. कुठं अणुभट्टीचा अपघात झाला, तर शेजारचे देश आपापली माती, पाणी, पिकं तपासणार. तेव्हा सगळ्यांची मोजणी जुळायला हवी, नाहीतर जो तो आपलाच आकडा खरा धरून बसेल. म्हणून पाच शेजारी देशांतल्या पाच लॅबनी एकच नमुना तपासून आकडे ताडून बघायचे, असा प्रकल्प निघाला. भारतातून आमची लॅब होती, पण एका फेरीपुरती. आकडा जुळला तर कायम, नाहीतर नमस्कार. आमच्या सोनवणे मॅडमनी यासाठी चार वर्षं पत्रव्यवहार केला होता. टायपिंग माझं.

प्राचार्यांनी पहिल्याच टिपणीवर शेरा मारला, "जळगावात अणुभट्टी नाही. मग अणुसुरक्षा कशाला?"

मॅडमनी खाली लिहिलं, "वाऱ्याला तालुका कळत नाही."

मंजुरी आली. प्राचार्यांना पटलं म्हणून नव्हे, शेऱ्याखाली उत्तर आलं म्हणून.

*

नमुना आपल्याकडून जाणार असं ठरलं. जळगावातून दुसरं काय जाणार? केळीत पोटॅशियम असतं आणि त्यातला किंचित भाग निसर्गतःच किरणोत्सारी असतो. खायला धोका नाही, मोजायला सोयीचं. मॅडम, मी आणि आमचे टेक्निशियन सलीमभाई रावेरला एका नानांच्या बागेत गेलो. सलीमभाई म्हणजे यंत्र पुन्हा जोडल्यावर एक स्क्रू उरला, तर तो खिशात घेऊन आठवडाभर अस्वस्थ फिरणारा माणूस.

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे किरण माह्याच केयीत आहे, का शेजारच्याच्याबी?"

"सगळ्यांच्याच, नाना."

"मंग घेऊन जा. एकट्या माह्याच असते, तर इचार केला असता."

*

केळी वाळवली, दळली, डब्यांत सीलबंद केली. परदेशी पाठवण्याच्या फॉर्मवर रकाना होता, 'वस्तू किरणोत्सारी आहे काय?' हो लिहावं तर परवानग्यांची रांग. नाही लिहावं तर मग पाचही देश मोजताहेत काय? मी विचार करून लिहिलं, "आपण रोज खातो तितकीच."

आठवड्यानं फॉर्म परत आला. लाल शाईत शेरा होता, "'रोज' म्हणजे किती, ते नमूद करावे."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तोडीचा माणूस भेटला होता.

*

ऑनलाइन मीटिंग अकराला असायची. कोणाचे अकरा, ते कोणी लिहिलं नव्हतं. त्यामुळे ढाक्याचे साहेब अर्धा तास आधी आणि काठमांडूचे साहेब बरोब्बर पाव तास आधी येऊन बसायचे. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये आम्हाला सुनावलं, "शेजाऱ्यांकडून वक्तशीरपणा शिका."

सलीमभाई माझ्या कानात म्हणाले, "भाऊसाहेब, त्यांचं घड्याळ पुढं आहे, हे सरांना सांगू?"

म्हटलं, "राहू द्या. निदान सर तरी वेळेवर येतील."

*

मोजणीचं यंत्र थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. ऐन मोजणीच्या आठवड्यात पुरवठादारानं हात वर केले. सलीमभाईंना आठवलं, की गुरांच्या कृत्रिम रेतनालाही हाच नायट्रोजन लागतो. धुळ्याला त्यांच्या ओळखीचे एक गुरांचे डॉक्टर होते. जीपमध्ये रिकामं भांडं टाकून आम्ही तिथं पोचलो.

डॉक्टर म्हणाले, "देतो. पण वासरं कमी जन्मली तर जाब मॅडमना विचारीन."

बाहेर एक आबा गाय धरून उभे होते. भरलेल्या भांड्यातून वाफा निघताना बघून म्हणाले, "हाई काय शे?"

"अणूचं काम आहे आबा. पाच देशांचं."

आबांनी एकदा भांड्याकडं, एकदा गाईकडं पाहिलं. "मंग मन्ही गायनं काम कोनता देश करी?"

डॉक्टरांनी आबांची गाय आधी घेतली.

*

आता शेवटचा किस्सा.

पाचही देशांचे आकडे उघडले गेले आणि जुळले. आमचा तर सगळ्यांच्या मधोमध. पेढे वाटून झाले. तिसऱ्या दिवशी सलीमभाई माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊसाहेब, आकडा बरोबर आला. पण मी चुकलो होतो."

वजन करण्याआधी पूड पुन्हा वाळवायची राहिली होती, त्यामुळे ओलाव्याचंही वजन धरलं गेलं आणि आकडा खाली गेला. रिकाम्या डब्याची मोजणी वजा करायची राहिली, त्यामुळे तो वर आला. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं.

मी म्हटलं, "आकडा जुळला ना? मग फाइल बंद."

मॅडमना कळलं. त्या म्हणाल्या, "फाइल उघडा." आणि पुढच्या मीटिंगला हा विषय पहिला घेतला. चार वर्षांचा पत्रव्यवहार माझ्या डोळ्यांपुढून गेला. मॅडम बोलायला लागणार, तोच सलीमभाईंनी लॅपटॉप स्वतःकडं वळवला. "मॅडम, डबा मी ठेवला होता. मीच सांगतो." आणि हिंदीत, एकही सबब न सांगता, त्यांनी सगळं सांगितलं. मॅडम इंग्रजी करत गेल्या.

स्क्रीनवर प्रकल्पाच्या अध्यक्षबाईंनी, कोलंबोच्या त्या, चष्मा काढला. "तुमचा आकडा जुळला होता. सांगितलं नसतं, तरी चाललं असतं."

"आज चाललं असतं," मॅडम म्हणाल्या. "पण खरंच काही घडलं, तर याच आकड्यांवर आपण गावं रिकामी करणार आहोत."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "जळगावची जागा कायम. मोजणी सगळ्यांनीच पुन्हा करू. त्याआधी आणखी कोणाला काही सांगायचंय?"

ढाक्याच्या साहेबांचा माइक चालू झाला. मग काठमांडूचा. मग थिंपूचाही.

अध्यक्षबाईंनी हात वर केला. "थांबा. आधी मी सांगते."