गेटपाशी न तुटणारा फूटपाथ

"तुझ्या टॉवरमध्ये मरायला मी येणार नाही," असं आईने मला तोंडावर सांगितलं होतं.

नाहीच आली. मागच्या वर्षी याच दिवशी ती गेली, मुलुंडमध्ये, स्वतःच्या घरात.

बाबा गेल्यावर ती एकटीच राहायची. गुडघे पार गेलेले, तरी मासळी स्वतः जाऊन, कोळणीशी भांडून आणायची.

आमचं ठरलं होतं. ज्या दिवशी बाजार जमणार नाही, त्या दिवशी बॅग भरायची आणि ठाण्याला माझ्याकडे यायचं.

एकदा बघतो तर बाईसाहेब भर रस्त्यातून चालल्यात, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय.

मी भडकलो. "फूटपाथ कशाला आहे गं?"

"तू चालून दाखव."

तिची पिशवी घेऊन चाललो. फूटपाथ हा एवढा उंच, आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तुटलेला. उतरा, गेट ओलांडा, पुन्हा चढा. थेट बाजारापर्यंत हेच.

"माझे गुडघे गेलेत रे, अक्कल नाही गेली," आई म्हणाली.



फूटपाथची ड्रॉइंग्ज करणं हीच माझी नोकरी आहे. आणि त्या रस्त्याचं ड्रॉइंग मीच केलं होतं, एसीत बसून. खूप लाज वाटली.

नवीन ड्रॉइंग केलं. फूटपाथ बुटका, गेटसमोरूनही सलग. चढायचं तर गाडीने चढावं, माणसाने का? मध्ये टेकायला दोन बाकं.

मंजुरीसाठी दीड वर्ष चपला झिजवल्या. मग आईच्या सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी म्हणाले, "गाड्या खालून घासतील ना!"

आई उठली. चिडली की ती थेट मालवणीत शिरायची.

"गाडी घासता ता दिसता तुमका. माझे गुडघे घासतत तेचा काय?"

सेक्रेटरींनी विरोध मागे घेतला. फूटपाथ झाला.

त्यावरून ती दोन वर्षं एकटी बाजारात गेली. जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा. फ्रीजमध्ये बांगडे मिळाले मला, साफ करून, मीठ-हळद लावून ठेवलेले. ते बघून मी रडलो.

स्टेशनकडचा तुकडा मात्र अजून तसाच आहे. तिच्या वयाची माणसं आजही तिथे गाड्यांमधून वाट काढतात.

ड्रॉइंग तयार आहे. उद्या वॉर्ड ऑफिसला चाललोय, आणि या वेळी हो-नाही ऐकल्याशिवाय उठणार नाही.

आई, मनापासून नमस्कार गं. तो तुकडाही करून घेतो.