बी ग्रुपचं चांगलं तेल

स्क्रीनवर बी ग्रुप लालभडक दिसला आणि मी खुर्चीतून उठलेच.

लाल म्हणजे जीन जोरात कामाला लागलेला. यकृताच्या पेशीत हजारो जीन्स. त्यातले कोणते चालू, कोणते गप्प, हे आम्ही आरएनए मोजून बघतो. याला जीन एक्स्प्रेशन म्हणतात. प्रश्न साधा होता. ऑलिव्ह ऑइलमधल्या कडवट संयुगांनी उंदरांच्या यकृतात काय बदलतं? ए ग्रुपला ती संयुगं काढून टाकलेलं ऑइल, बी ग्रुपला अस्सल. आणि बीमध्ये चरबी जाळणारे जीन्स सुसाट सुटले होते! माझं कॉन्ट्रॅक्ट तीन महिन्यांत संपत होतं. आता ते वाढणार, मी तर मनात पेढेही वाटले.

"आजच ॲब्स्ट्रॅक्ट पाठव," राव मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या अड्यारच्या लॅबच्या प्रमुख, मूळच्या तंजावूरच्या मराठी. "पण आधी तेलाचा बॅच नंबर बघून ये."

ॲनिमल हाउसमध्ये जाऊन कपाट उघडलं. बीच्या बाटलीचं सील जसंच्या तसं. म्हणजे बीला ऑलिव्ह मिळालंच नव्हतं.

उंदरांना तेल पाजायचे सेल्वम अण्णा. त्यांनी शेजारची बाटली दाखवली. तिळाचं तेल! दुसऱ्या प्रोजेक्टवाले त्यात औषध मिसळतात.

"नींगदाने सोन्नींग, मा!" म्हणजे, तुम्हीच तर सांगितलंत.

सांगितलं होतं खरं. पुण्याहून नवी आले होते, तमिळ मिरवायची हौस. "बीला नल्ल एण्णै," म्हणजे चांगलं तेल. पण तमिळमध्ये नल्लेण्णै हे तिळाच्या तेलाचं नावच आहे.

मी जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अय्यो! आम्ही घरी मराठी बोलतो, पण नल्लेण्णै म्हणजे नल्लेण्णैच. मला विचारायचंस की!" आणि एकदम थांबल्या. "म्हणजे हे सगळं लाल तिळाचं?"

"हो, मॅडम."

"मग बसलीस काय? उंदरांवरच्या प्रयोगाची नवी परवानगी काढ, पुन्हा कर. या वेळी तीन ग्रुप!"

कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पण फक्त प्रयोग संपेपर्यंत. अस्सल ऑलिव्हने जीन्स हलले, पण बेताने. तीळ मात्र पुन्हा लालभडक! मी आणि सेल्वम अण्णांनी एकमेकांना टाळी दिली. पेपर तिळावर निघाला.

आता आमच्या बाटल्यांवर फक्त आकडे असतात. विशेषणं लावायची ती पेपर छापून आल्यावर.