पूर्वपक्षावर बसवलेलं नाटक

अर्धाच लेख वाचून मी नाटक बसवलं. तेव्हा मी मास्तर होतो, त्यामुळे चूकसुद्धा फळ्यावर लिहावी तशी ठळक केली.

आमच्या नाशिकच्या हौशी नाटकमंडळीनं एका तरुण विधवेवरचं जुनं नाटक घेतलं होतं. तालमी माझ्याकडे, कारण मासिकं वाचणारा मी एकटाच. तिसऱ्या अंकात त्या मुलीचं एक भाषण होतं. मी ते घरी मोठ्यानं म्हणून पाहिलं, तेव्हा आमच्याकडे राहणारी माझी विधवा बहीण तांदूळ निवडायची थांबली.

"दादा, हे लोकांसमोर म्हणणार? मग मी येईन बघायला."

कपाळ पुसल्यापासून ती कुठल्या समारंभाला गेली नव्हती.

त्याच आठवड्यात मासिकात त्या नाटकावर लेख आला. हे नाटक मुलीचं नव्हेच, बापाचं आहे आणि ते भाषण म्हणजे भरताड, असं त्यात ठासून लिहिलं होतं. मी भारावलो. तालमीत पानंच्या पानं वाचून दाखवली, भाषण कापलं, बापाला दोन उसासे वाढवून दिले. लेखातला 'मर्म' हा शब्द तर चहा सांगतानाही तोंडात यायला लागला. बहिणीला मात्र काही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात लेखाचा दुसरा भाग आला. लेखक जुन्या वळणाचे शास्त्री. विरुद्ध बाजू आधी पूर्ण ताकदीनं मांडायची आणि मग तिच्या चिंध्या करायच्या, ही त्यांची रीत. मी वाचला होता तो नुसता पूर्वपक्ष! आता ते लिहीत होते: सगळे तिच्याबद्दल बोलतात, तिला बोलायला एवढीच जागा आहे, ती काढणाऱ्याला नाटक कळलेलंच नाही. पहिल्या भागाखाली 'अपूर्ण' छापलेलं मी पाहिलं होतं. मला तो शास्त्रीबुवांचा विनय वाटला होता.

मी धावत मंडळीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते वकील.

"भाषण परत घालायचंय."

"मास्तर, गेल्या महिन्यात तुम्हीच आम्हाला मर्म शिकवलंत."

"तो पूर्वपक्ष होता!"

"मग आम्हाला तोच पटला. या तीर्थक्षेत्राच्या गावात, घाटावर रोज विधवांचे केस उतरतात तिथे, हे भाषण? पुढच्या रांगेत घाटावरचेच उपाध्ये बसतात, ठाऊक आहे ना?"

"म्हणूनच तर म्हणतोय."

"कात्री तुमचीच, मास्तर. आम्ही फक्त धार पाहिली." आणि ते हसले.

त्या हसण्याचा राग अजून जात नाही. जास्त राग याचा की त्यांना खोडून काढायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. माझी सगळी वाक्यं त्यांच्याकडे होती. मी अंगावरचं काम टाकून निघून यायला हवं होतं. मी तालमीला गेलो.

प्रयोगाला बहीण आली. बायकांच्या बाजूला, डोक्यावर पदर ओढून. विंगेतून मला दिसत होती. तिसरा अंक लागला तशी ती पुढे सरकून बसली. बाप उसासला, टाळ्या पडल्या, पडदा पडला. ती तशीच पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गार होईपर्यंत वकिलांचा उद्धार केला. ते भेकड, ते ढोंगी, त्यांना नाटकातलं ओ की ठो कळत नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"वन्सं काल वाटेत म्हणाल्या, 'वहिनी, दादाला काही बोलू नकोस, त्याला वाईट वाटेल,'" ती म्हणाली. "वाटू दे."